नवा रंग, जुनाच रॅक

गाडी १९९४ची माझदा मियाटा. दोन सीट, उघडणारं छत, बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट आणि वजन हजार किलोच्या आसपास. न्यू जर्सीत आल्यावर नऊ वर्षांनी ही हौस केली. बायको तिला 'तुझं खेळणं' म्हणते. खेळण्यावर किती गेले हे तिला अजून पूर्ण माहीत नाही. हे वाचलं की कळेल.

गेल्या मार्चमध्ये गॅरेजच्या फरशीवर लाल थेंब दिसायला लागले. या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घालतात, लालभडक, त्यामुळे कुठलं गळतंय ते लगेच ओळखू येतं. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी आडवी नळी, आत दातेरी दांडी सरकते. खाली वाकून तिच्या डाव्या टोकाचा रबरी बूट, म्हणजे टोकावरचं कव्हर, चिमटीत धरला तर पाणी भरलेल्या फुग्यासारखा डचमळला. आतलं सील गेलेलं. तीस वर्षांचं रबर, जाणारच. बाकी स्टिअरिंग एक नंबर होतं. प्ले (ढिलेपणा) नाही, खडखड नाही, वळण संपलं की हात सैल सोडताच आपोआप सरळ यायचं.

म्हणजे रॅक चांगला होता, फक्त सील खराब होतं. तरी मी अख्खा रॅक बदलायला निघालो.

ऑनलाइन एकाकडे रीबिल्ट रॅक २४० डॉलरला दिसला, वर १०० डॉलर कोअरची अनामत. इकडे ही पद्धत आहे. जुना पार्ट परत पाठवला की अनामत परत मिळते आणि तोच पार्ट दुरुस्त होऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. आपण दिलेला आपल्याला येत नाही, दुसऱ्या कुणाचा तरी येतो. हा 'दुसरा कुणीतरी' कोण, त्याची गाडी कुठल्या राज्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर किती वर्षं फिरली, हे विचारायचं मला सुचलंच नाही. पानावर 'लाइफटाइम वॉरंटी' लिहिलं होतं आणि माणूस विरघळला.

खोकं उघडलं तर आत काळा कुळकुळीत रॅक. नव्या नवरीसारखा. आज आठवतं की बुटाच्या कडेवर आणि पट्ट्यांवरही त्याच काळ्या स्प्रेचे शिंतोडे होते, रॅकला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या आट्यांमध्येसुद्धा. म्हणजे सगळं जोडून झाल्यावर वरून फवारलेलं. उघडून धुतलेल्या, तपासलेल्या वस्तूला असे शिंतोडे कशाला असतील? पण तेव्हा मी फोटो काढून मित्रांना पाठवत होतो.

शनिवार-रविवार घालवून बसवला. (कुणी स्वतः करणार असाल तर रॅक काढण्याआधी स्टिअरिंग व्हील सीटबेल्टने घट्ट बांधा. ते मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगची क्लॉकस्प्रिंग, म्हणजे व्हीलमागे गुंडाळलेली वायरची पट्टी, तुटते. एवढं एक मी बरोबर केलं.) जुना रॅक त्याच खोक्यात घालून सोमवारी पोस्टात टाकून आलो. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं याला म्हणतात.

पहिल्याच दिवशी काहीतरी चुकतंय हे हाताला कळलं. सरळ रस्त्यावर ठीक, पण कोपऱ्यावर वळल्यावर स्टिअरिंग वळलेलंच राहायचं, ओढून सरळ करावं लागायचं. अलाइनमेंटवाल्याने कास्टरवर (पुढच्या चाकांच्या ज्या कोनामुळे स्टिअरिंग आपोआप सरळ येतं त्यावर) संशय घेतला, ११० डॉलर घेतले आणि कास्टर नीट लावून दिला. फरक शून्य. मग एका पावसाळी संध्याकाळी हायवेवरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर सवयीने हात सैल सोडले आणि गाडी आतल्या कठड्याकडे वळतच राहिली. दोन्ही हातांनी व्हील ओढलं तेव्हा सरळ झाली. शेजारच्या सीटवर मुलगी होती. तिला काही कळलं नाही, ती फोनमध्ये होती. मी पुढच्या पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबलो.

पंधराशे मैलांवर लाल थेंबही परत आले.

विक्रेत्याचं उत्तर गोड होतं. वॉरंटी आहेच हो, दुसरा पाठवतो, फक्त पाइपं फ्लश केल्याची (जुनं तेल धुऊन काढल्याची) पावती दाखवा. मी स्वतः फ्लश केलेलं, पावती कुठली? आठ ईमेलनंतर उपकार केल्यासारखा दुसरा रॅक आला. मजुरी, तेल, अलाइनमेंट सगळं माझं. आणि माझ्या जुन्या रॅकच्या अनामतीतून ६० डॉलर कापले, कारण म्हणे 'कोअरला गंज'. बाजूला फोटो होता. मी चार वेळा पाहिला. तो रॅक माझा नव्हता. माझ्या रॅकवर मी पांढऱ्या पेंटने मधली खूण केली होती, फोटोतल्यावर ती नव्हती.

दुसरा रॅक गाडीला न लावता ओळखीतल्या एका काकांकडे नेला. काका आमच्याच मंडळातले, मशीन शॉपमध्ये तीस वर्षं काढलेले. त्यांनी तो व्हाइसमध्ये धरला आणि पिनियन, म्हणजे स्टिअरिंगकडून येणारं आणि रॅकच्या दातांत बसणारं छोटं दातेरी चाक, हाताने फिरवायला लावला. मध्यभागी लोण्यासारखा फिरत होता. दोन्ही टोकांकडे जाताना जड होत होत जवळजवळ अडकला.

काका म्हणाले, "घोडं इथे पेंड खातंय."

गाडी जन्मभर बहुतेक सरळच चालते, त्यामुळे रॅकचे मधले दात झिजतात आणि कडेचे कोरे राहतात. रॅकच्या पाठीमागून स्प्रिंगने दाबून धरणारा एक तुकडा असतो, त्याचा बोल्ट आवळला की मधला प्ले गायब होतो. पण कडेच्या दातांना झीज नसल्याने तिथे जागाच उरत नाही आणि स्टिअरिंग परत येत नाही. खरा उपाय म्हणजे झिजलेली दांडी बदलणे. खोटा उपाय म्हणजे एक पाना.

मग त्यांनी बूट मागे सारून दांडी उजेडात धरली. सील जिथे घासतं त्याच जागी गंजाचे बारीक खड्डे, देवीच्या व्रणांसारखे. बोटाला लागत नव्हते, पण नख फिरवलं की अडकत होतं. अशा दांडीवर नवं सील म्हणजे कानशीवर रबर. वर सीलही फक्त बाहेरच्या टोकाचं नवीन होतं. आतलं काढून दाखवलं तर बिस्किटासारखं तुटलं.

शेवटी ओहायोतल्या एका भंगार यार्डातून, बूट न फाटलेला, रंग न लावलेला, धुळीने माखलेला रॅक ९० डॉलरला आणला आणि जो तुमचाच पार्ट उघडून तुम्हालाच परत देतो अशा दुरुस्तीवाल्याकडे ३२५ डॉलर देऊन पाठवला. पैसे देण्याआधी त्याला विचारलं की दांडी खराब निघाली तर काय करता. तो म्हणाला, "खड्डे असतील तर मी काम घेत नाही, फोटो पाठवून परत देतो." हेच मला ऐकायचं होतं. रॅक दाबाखाली तपासता का, मध्ये आणि टोकाला फिरवायला किती जोर लागतो ते मोजता का, यावर त्याने आकडे सांगितले. पहिल्या विक्रेत्याला हेच विचारलं तेव्हा त्याने मला वॉरंटीचं पान पुन्हा पाठवलं होतं.

मॅन्युअल रॅक (तेलाच्या दाबाशिवाय नुसत्या हाताच्या जोरावर चालणारा) शोधणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पॉवर रॅकची पाइपं काढून, भोकं बुजवून तो 'मॅन्युअल' म्हणून विकला जातो. दात पॉवरचेच राहतात, त्यामुळे पार्किंगमध्ये खांदे निघतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिनियन किती फेरे फिरतो ते मोजा. खऱ्या मॅन्युअलला फेरे जास्त लागतात. रॅकच्या बाहेरच्या नळीला तेलाच्या पाइपांची भोकं दिसली तर प्रश्नच मिटला.

आता गाडी वळणातून बाहेर पडताना व्हील तळव्यांतून घसरत आपोआप मध्यावर येतं. पांढरी खूण असलेला माझा रॅक मात्र काळा रंग लावून कुणाच्या तरी गाडीखाली असेल. त्या माणसाचं नशीब चांगलं. मधले दात शाबूत आहेत, फक्त डावं सील बदललेलं असू दे.