कापसाचा अख्खा हंगाम कंडिशनल फॉरमॅटिंगवर: काय ठेवलं, काय काढलं

धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणारा कारखाना) ऑफिसात आवक आणि पेमेंटचं रजिस्टर माझ्याकडे असतं. दसऱ्याला गूगल शीटमध्ये रंगांचे नियम लावले: आकडा अटीत बसला की सेल आपोआप रंगतो, तेच हे कंडिशनल फॉरमॅटिंग. आता आवक थंडावलीय, म्हणून लिहितोय. सोय चांगली आहे, ठेवणारच. पण सुरुवातीला हौसेने लावलेले निम्मे रंग केव्हाच काढून टाकले.

सगळ्यात जास्त उपयोग ओलाव्याच्या कॉलमला झाला. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) हमीभाव खरेदीत ८ ते १२ टक्के ओलावा चालतो, १२ च्या वर कापूस घेत नाहीत. आम्ही खाजगीवाले असलो तरी त्याच रेषा धरल्या: १२ च्या वर लाल, ८ ते १२ पिवळा, त्याखाली काहीच रंग नाही. मीटरचं रीडिंग टाकलं की गाडीची पूर्ण ओळ रंगते. त्यासाठी कस्टम फॉर्म्युल्यात कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह हवंच. ते नसेल तर पुढचा प्रत्येक सेल आपल्यापुरता एक कॉलम पुढे सरकून तपासतो. आमच्याकडे ओलाव्याशेजारी वजन आहे, आणि क्विंटल तर नेहमीच १२ च्या वर. म्हणजे गावाच्या नावांचा कॉलम ओलाव्याऐवजी वजन तपासतो आणि सरसकट लाल! नियमांचा क्रमही बघा, यादीत वर असलेला जिंकतो.

खरा धोका वेगळाच. काट्यावरच्या पोराने १३ ऐवजी १३% टाइप केलं, तर शीट ते ०.१३ धरते. ओला कापूस, आणि ओळ कोरी. डेटा व्हॅलिडेशनने १ ते ३० मधलाच आकडा घ्यायला लावल्यावर हा प्रकार थांबला.

कलर स्केल, म्हणजे आकड्यानुसार फिका-गडद होत जाणारा रंग, दिसायला झकास, पण ओलाव्यासाठी मी काढलं. ते आपल्याच यादीतल्या सगळ्यात लहान आणि मोठ्या आकड्यावर बेतलेलं असतं. कुणी ९.५ चे ९५ केले की बाकी सगळा कॉलम एकाच रंगाचा. उलट जानेवारीत माल वाळलेला असला तरी त्यातल्या त्यात जास्त आकडा गडद लाल दिसतोच. रुईच्या उताऱ्याला (कापसातून किती टक्के रुई निघाली) मात्र स्केल ठेवलं, पण दोन्ही टोकं हाताने ३१ आणि ३६ अशी पक्की करून. शंभर क्विंटल कापसामागे उतारा एका टक्क्याने घसरला की एक क्विंटल रुई गेली, म्हणून तिथला बारीक फरक डोळ्यांत भरायलाच हवा.

पेमेंटच्या तारखेला ‘आजच्या आधीची असेल तर लाल’ लावलं, तर रिकाम्या ओळीही लाल, कारण रिकामा सेल शून्य धरला जातो. अँड वापरून ‘रिकामा नसेल तरच’ ही अट जोडावी लागली. शिवाय काउंटरवरून स्क्रीन दिसते. एक म्हातारे बाबा विचारायला लागले, "भाऊ, मनं नाव लाल काबरं दिखस?" उशीर आमच्याकडून, आणि लाल त्यांचं नाव! तो रंग त्याच दिवशी निळा केला.

कटकट एकच: साधं कॉपी-पेस्ट केलं की नियमही सोबत येतात आणि रेंजचे तुकडे पडतात. कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने फक्त आकडे चिकटवा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल-पिवळा सारखाच करडा येतो, म्हणून शेजारी ‘ओला’ असा शब्द येणारा कॉलमही ठेवलाय.

एक्सेल २००३ मध्ये एका सेलला तीनच अटी लावता यायच्या, २००७ पासून ती मर्यादा गेली. मला विचाराल तर तीनच बऱ्या होत्या.

आणि रंग बघून बेरीज करणारं तयार फंक्शन शोधत बसू नका, ते नाही. लाल ओळींचे क्विंटल हवे असतील तर सम-इफला (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारं फंक्शन) तीच १२ च्या वरची अट द्या.