कॅम मोठा केलात, आता कन्व्हर्टर कुठला?
मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवला की इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खाली ते अडखळतं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत जोडतो तो टॉर्क कन्व्हर्टर. मूळचा, समजा १८०० स्टॉलचा (म्हणजे गाडी ब्रेकवर धरून रेस दिली तर इंजिन १८०० आरपीएमपर्यंतच चढतं) कन्व्हर्टर तसाच ठेवलात तर गिअरमध्ये उभी गाडी धडधडते, कधी बंदच पडते, आणि उठताना म्हशीसारखी जड. २८०० चा टाकलात तर इंजिन झटकन कॅमची ताकद मिळते त्या आरपीएमला पोचतं. पण मागे होडीचा ट्रेलर लावून कुंभार्ली घाट चढताना हाच कन्व्हर्टर लॉक न होता घसरत राहतो नि गिअरबॉक्सचं ऑइल तापवतो. ते थंड ठेवायला जादा कूलर हवाच. त्यात चिपळूणचा मे महिना! ओझं ओढायचं तर मी कॅमच लहान घेईन आणि २००० च्या आसपास थांबेन. रिकाम्या गाडीची हौस असेल तर २८००, खुशाल.