इंजेक्टरचे कपलर घ्यायचे तर वागळे इस्टेटमधलं हे दुकान

मोठ्या फ्लोचे इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे) टाकायचं ठरलं की सगळे सीसीवर, म्हणजे मिनिटाला किती इंधन जातं त्यावर, तावातावाने बोलतात आणि कपलरचा, म्हणजे इंजेक्टरला वायर जोडणाऱ्या प्लगचा, विषय निघतो तो थेट फिटिंगच्या दिवशी. तो सगळ्यात आधी निघायला हवा, आणि ठाण्यात राहत असाल तर त्यासाठी रोड नंबर 16 च्या बाजूचं हे छोटं दुकान गाठायला हवं.

माझी गाडी 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 टर्बो. तिच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) जुने ईव्ही वन कपलर: चौकोनी तोंड, दोन चपट्या पिना, बाहेरून तारेची क्लिप. मी घेतलेले इंजेक्टर बॉशचे ईव्ही फोर्टीन आणि त्यांना यूएसकार या मानकाचं तोंड, म्हणजे त्याचा कपलर लहान, लॉक प्लास्टिकचं. एकाचा कपलर दुसऱ्यात बसत नाही. त्यात ईव्ही फोर्टीन हे इंजेक्टरच्या बॉडीचं नाव, कपलरचं नाही. तीच बॉडी जुन्या तोंडातही मिळते. बाजारात यूएसकार कपलरला सर्रास ईव्ही सिक्स म्हणतात, तेही मुळात बॉडीचंच नाव. जपानी गाड्यांतल्या डेन्सो आणि केहिन कंपन्यांच्या इंजेक्टरची तोंडं आणखी निराळी. नुसतं नाव सांगून माल मागवला की घोळ होतो तो असा.

इथले काका फोटोवर माल देतच नाहीत. "दादा, इंजेक्टर आणलाय ना? ठेवा इकडे," म्हणाले आणि कपलर दाखवायच्या आधी मल्टीमीटर काढला. माझ्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स 12 ओहमच्या आसपास निघाला, तेव्हा कुठे त्यांनी खण उघडला. या एका सवयीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन. कपलर खटकन बसला म्हणजे इंजेक्टर गाडीला चालेल, असं मुळीच नाही. हाय इम्पीडन्सचे, म्हणजे जास्त रेझिस्टन्सचे, इंजेक्टर साधारण 12 ते 16 ओहमचे असतात. 14 व्होल्टला सव्वा अॅम्पिअरच्या आत करंट घेतात. लो इम्पीडन्सवाले 2-3 ओहमचे. तेच तोंड, तीच पिन, पण करंट पाच ते सात अॅम्पिअरच्या घरात. हाय इम्पीडन्ससाठी बनवलेल्या ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) ड्रायव्हर सर्किट तो करंट ओढता ओढता जळू शकतो. मग करंट कमी करणारा रेझिस्टर बॉक्स तरी लावा नाहीतर पीक अँड होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त करंट देऊन मग तो कमी ठेवणारा). काकांनी हे सगळं एका गिऱ्हाइकाला शांतपणे समजावलं आणि विक्री सोडून त्याला परत पाठवलं.

पुढचा प्रश्न, अडॅप्टर (दोन तोंडांच्या मधे लावायचा जोड) की पिगटेल (हार्नेसच्या वायरीला जोडायचा नवा कपलर)? अडॅप्टरला हार्नेस कापावा लागत नाही, उद्या मूळ इंजेक्टर परत लावता येतात. पण अखंड प्लास्टिकचा अडॅप्टर उंची वाढवतो, आणि इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) जागा नसेल तर कपलर घासतो. शिवाय दर इंजेक्टरमागे एक जोड वाढतो. गाडी कायम याच इंजेक्टरवर ठेवायची असेल तर नवा कपलर क्रिम्प करून (पिन वायरीवर दाबून बसवून) टाकणंच बरं. मी तेच केलं.

इथे कपलर, पिन आणि सील तिन्ही सुटे मिळतात, आणि सील वायरच्या जाडीप्रमाणे निवडून देतात. सील वायरवर घट्ट बसलं नाही तर घोडबंदर रोडवरचं पावसाळ्यातलं पाणी पिनेपर्यंत पोचणारच. माझ्या मित्राने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून संच मागवला होता, त्यात सीलच नव्हते. पिनेच्या मुलाम्याचंही काका विचारतात: समोर टिनची पिन असेल तर इकडेही टिनचीच, सोन्याचा मुलामा तिच्याशी जोडायचा नाही, थरथरीने तिथे गंज धरतो.

क्रिम्पिंग त्यांच्याकडचा मुलगा करून देतो. पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात; पुढची तांब्याच्या तारा धरते, मागची सील आणि वायरचं कव्हर. साध्या पकडीने दाबलं तर मागची जोडी सील फाडते. त्याच्याकडे त्याच पिनेचा क्रिम्पर आहे आणि प्रत्येक वायर तो ओढून बघतो. सोल्डरला साफ नाही म्हणाला. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनच्या थरथरीने कडेला तुटतो. त्याचं म्हणणं मला पटलं. एका वेळी एकच कपलर कापायचा, तो पूर्ण करून मगच दुसरा, हेही त्याचंच. सिलिंडरच्या वायरी मग आपसात बदलत नाहीत. कपलरमधल्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तर मात्र घाबरू नका, साध्या पोर्ट इंजेक्टरच्या कॉइलला दिशा नसते.

तक्रारी दोन. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि वायरीवर चढवायची हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) त्यांच्याकडे पातळ, आतून गोंद नसलेली. ती मी दुसरीकडून आणली. चार कपलर, पिना, सील आणि क्रिम्पिंग मिळून 1,400 रुपये झाले. स्वस्त नाही, पण मला जड वाटले नाहीत. ट्यूनिंग ते करत नाहीत. नव्या इंजेक्टरचा फ्लो आणि डेड टाइम (उघडायला लागणारा उशीर) ईसीयूत भरून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, ते काम ट्यूनरकडेच.

शुक्रवारी बंद. पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या. येताना एक इंजेक्टर, हार्नेसवरच्या कपलरचा जवळून काढलेला फोटो आणि जमल्यास त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा आणा, म्हणजे सील तिथल्या तिथे घालून बघता येतं.