केबल ट्रेमधून हवेची नळी: एनईसी, आयईसी आणि तुमच्यापुढचे पर्याय

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या औषध कारखान्यात नवा व्हॉल्व्ह बसतो आणि त्याला इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे उपकरणं चालवणारी दाबाची हवा, लागते. डोक्यावरून केबल ट्रे, म्हणजे विजेच्या केबल वाहून नेणारी लांब तबकडी, गेलेली असते, तीही अर्धी रिकामी. कंत्राटदार म्हणतो, ‘बोटाएवढी पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) ट्यूब आहे, ट्रेमधूनच ओढू.’ ओढू द्यावी का?

एनईसी, म्हणजे अमेरिकेची विद्युत नियमावली, तिचं कलम ३००.८ साफ ‘नाही’ म्हणतं. विजेच्या तारा असलेल्या ट्रेत वाफ, पाणी, हवा, गॅस, सांडपाणी किंवा विजेखेरीज कुठल्याही सेवेची नळी चालत नाही. नळी बारीक आहे किंवा दाब कमी आहे म्हणून सूट नाही. मधे पार्टिशन घालूनही सुटका होत नाही, कारण ट्रेमधलं पार्टिशन वेगवेगळ्या व्होल्टेजच्या केबल अलग ठेवण्यासाठी असतं.

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०३६४-५-५२ या मानकाच्या कलम ५२८ मध्ये अशी सरसकट बंदी नाही. शेजारच्या लाइनची उष्णता किंवा धूर केबलला बाधू नये, वरून पाणी ठिबकू नये आणि त्या लाइनवर काम करताना केबलला इजा होऊ नये, त्यासाठी अंतर किंवा आडोसा ठेवा, असा त्याचा रोख आहे. वायरिंगचं आपलं भारतीय मानक आयएस ७३२ याच वळणाचं. मात्र ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये एनईसी लिहिलं असेल तर ३००.८ कराराने तुमच्यावर येतं. म्हणून आधी ते पान काढून वाचा.

मला विचाराल तर आयईसीखालीही ट्रेत नळी नको. आज एक ट्यूब जाते, वर्षभरात तिथे जुडगा होतो. फिटिंगमधून हवा गळायला लागली की फिटर शिडी लावून चालू पॉवर केबलच्या ढिगात हात घालतो, नाहीतर तेवढ्यासाठी चवथीच्या सुट्टीतल्या शटडाऊनची वाट पाहावी लागते. शिवाय विजेचा भार वाहणाऱ्या केबल तापतात आणि तापलेली पीयू ट्यूब दाबाखाली कमजोर पडते.

ट्रेच्या कडेला क्लॅम्प मारून नळी बाहेरून नेणं दिसायला सुटसुटीत, पण ट्रे केबलसाठी असते, पाइपच्या आधारासाठी नव्हे. मी ट्रेचा सपोर्ट तोच ठेवेन आणि त्याची आडवी पट्टी थोडी लांबवून तिच्यावर नळीसाठी वेगळा अँगल टाकेन. नवा सपोर्ट लागत नाही आणि फिटरला केबलला हात लावावा लागत नाही. पूर्ण वेगळा मार्ग काढायचा तो जागा असेल तर, किंवा लाइन वाफेची असेल तर.

पाण्याच्या लाइनबाबत गोव्यात जास्तच काटेकोर राहा. चिल्ड वॉटर, म्हणजे यंत्राने थंड केलेलं पाणी, साधारण ७ अंशांवर येतं. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत इन्सुलेशनचा एक सांधा उघडा राहिला तरी पाइपला घाम फुटतो आणि खाली ट्रे असेल तर पाणी थेट केबलवर ठिबकतं. त्यामुळे एकाच सपोर्टवर दोन्ही न्यायचं झालं तर केबल वर आणि पाणी खाली. जागेअभावी उलटं करावं लागलं, तर पाइपखाली निचऱ्याची पन्हळ लावा आणि ट्रेवर झाकण घाला.

फायबर ऑप्टिक केबलला मात्र ३००.८ मधली नळीवरची बंदी लागू होत नाही. तिचे नियम एनईसीच्या आर्टिकल ७७० मध्ये आहेत.