गोडोमध्ये ओजीव्ही व्हिडिओ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले 8 महिने गोडो 4.2 या गेम इंजिनवर एक छोटा गेम करतोय. त्यात ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमधून रेंडर केलेले 6 व्हिडिओ आहेत. पहिलाच 40 सेकंदांचा, मुसळधार पावसाचा. पहिल्या दिवशी एमपी4 फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकली, तर ती एडिटरमध्ये दिसेचना.

गोडोला स्वतःहून एकच व्हिडिओ फॉरमॅट कळतो: ऑग थिओरा, म्हणजे ओजीव्ही. एमपी4 मधल्या एच.264 या कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या पद्धतीवर, पेटंटची बंधनं आहेत, आणि मुक्त परवान्याच्या इंजिनला ती परवडत नाहीत. गोडो 3 मध्ये वेबएम हा दुसरा मुक्त फॉरमॅट चालायचं, 4.0 मध्ये तेही काढलं. उरला थिओरा. तो ऑन2 कंपनीच्या व्हीपी3 या कोडेकवर बेतलेला. व्हीपी3 2001 मध्ये खुलं झालं आणि थिओराची 1.0 आवृत्ती 2008 मध्ये आली. हे वय पडद्यावर जाणवतं, हे आधीच सांगतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ पावसाने खाल्ला. कोडेक मागच्या फ्रेममधून जमेल तेवढं उचलतो आणि फक्त बदल साठवतो. पावसात जवळजवळ सगळंच बदलत असतं. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या टूलमध्ये क्वालिटीचा आकडा 0 ते 10 असतो. मी 6 ठेवला होता, तर थेंबांच्या जागी चौकोनी ठिगळं दिसायला लागली आणि काळ्या आभाळात पट्टे उमटले. आकडा वाढवूनही फार फरक पडेना. तीन आठवड्यांनी चूक लक्षात आली: मी आधीच दाबलेल्या एमपी4 वरून ओजीव्ही बनवत होतो. मग ब्लेंडरमधून प्रत्येक फ्रेम पीएनजी चित्र म्हणून काढली, त्या चित्रांवरून थेट ओजीव्ही केलं आणि आकडा 8 केला. फाइल 19 एमबीवरून 46 एमबीवर गेली, पण पाऊस पाऊस दिसायला लागला. तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

दुसरी गोष्ट वेगाची. इथे डिकोडिंग प्रोसेसरवर होतं, ग्राफिक्स कार्डातला व्हिडिओ डिकोडर वापरला जात नाही. माझ्या मशीनवर 1080पी, 60 फ्रेम छान चालत होतं. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र चित्र अडखळायला लागलं. सगळे व्हिडिओ 720पी, 30 फ्रेमवर आणले, मग तिथेही सुरळीत चालले. साध्या मशीनवर पहिल्याच आठवड्यात चालवून बघा, माझ्यासारखं पाचव्या महिन्यात नको.

गोडो 4.2 मध्ये व्हिडिओ मधल्या सेकंदावर नेता येत नाही. पोझिशन दिली तरी काही होत नाही. मला प्रसंग मधूनच सुरू करायचा होता, म्हणून दोन फाइली केल्या. पहिली संपल्याचा सिग्नल आला की दुसरी सुरू. हे अगदी भरवशाने चालतं, एकदाही फसलं नाही.

खरी उणीव पारदर्शकतेची. थिओरात अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, साठवायची सोयच नाही. यूनिटी या दुसऱ्या इंजिनात व्हीपी8 कोडेकचं वेबएम अल्फासकट चालतं, तिथून आलेल्यांना हे टोचेल. हिरवी पार्श्वभूमी ठेवून शेडरने (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) काढून बघितली, पण कडांना हिरवी झाक राहिली, कारण रंगाची माहिती चित्राच्या निम्म्या रिझोल्यूशनने साठवली जाते. शेवटी धुराचा तो छोटा इफेक्ट स्प्राइट शीटमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेम एकाच चित्रात मांडून, केला आणि तो जास्त चांगला दिसतो.

एफएफएमपेगवर आधारलेलं एक्स्टेन्शन लावून एमपी4 चालवता येतं, पण मग प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या लायब्ररी सोबत द्याव्या लागतात आणि पेटंटचा प्रश्न आपल्या अंगावर येतो. एकट्याने गेम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पुढच्या गेमचे प्रसंगही मी ओजीव्हीतच करणार आहे, आणि रेंडर सुरुवातीपासून पीएनजीत ठेवणार आहे.