कोलफॅक्सला घेतलेल्या बर्फाच्या चेन्स

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोहून ट्रकीला जाताना इंटरस्टेट ८० हायवेवर डॉनर समिट हा घाटमाथा लागतो, उंची ७,२३९ फूट. साताऱ्याहून आलेल्या आईला बर्फ दाखवायचा होता. माझी गाडी म्हणजे जुना टॅकोमा पिकअप, टू व्हील ड्राइव्ह. ताम्हिणीत भर पावसात गाडी हाकलेल्या माणसाला घाट कोण शिकवणार, असा माझा तोरा. बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या चेन्स घेतल्याच नव्हत्या. वाटेत मिळतील, म्हटलं.

मिळाल्या! वाटेतल्या कोलफॅक्स गावी पेट्रोल भरायला थांबलो, तर नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस स्वतःहून जवळ आला. गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड, त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात डब्यांची चळत. म्हणाला, वर चेन कंट्रोल लागलंय, चेन्स नसतील तर तुम्हाला परत पाठवतील. टायरकडे नजर टाकून एक डबा काढला. चेन्सचे १६० डॉलर, लावून द्यायचे ४०, सगळं रोख. वर लांब रांग असते म्हणून इथेच लावून घ्या, हा आग्रहही त्याचाच.

आईचं लक्ष डब्याकडे. "अरे, हा आधी उघडलेला दिसतोय. स्टिकरवर स्टिकर कशाला चिकटवलाय?"

"आई, इथे असलं काही चालत नाही."

हे वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं.

त्याने दहा मिनिटांत मागच्या दोन्ही चाकांना चेन्स चढवल्या. मी गाडीत हीटर लावून बसलो होतो, खाली उतरून बघायचे कष्टही घेतले नाहीत. पुढचा रस्ता नुसता ओला, बर्फाचं नाव नाही. चेन्स लावल्यावर ताशी २५-३० मैलांच्या वर जायचं नसतं; हा गडी म्हणाला होता, ४५ पर्यंत काही होत नाही. मी ३५ ने चाललो होतो. गोल्ड रन गावाच्या पुढे मागून खडखड सुरू झाली, मग पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा आवाज, आणि डॅशबोर्डवर ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा पिवळा दिवा. जेमतेम पुढचा एक्झिट गाठला.

उजव्या चाकाची चेन आतल्या बाजूने सुटली होती. तिथला हूक कडीत बसलेलाच नव्हता; टोकं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती म्हणून त्याने मधे चक्क तार पिळली होती! बाहेरून सगळं चकाचक. सुटलेल्या टोकाने चाकावरचं आतलं प्लास्टिक फाडलं आणि सेन्सरची वायर तोडली. शेजारीच ब्रेकची नळी आहे. ती वाचली, हे नशीब.

आईने डब्यावरचा स्टिकर नखाने सोलला. खाली दुसरा, छोट्या कारच्या टायरचा. माझ्या टायरच्या कडेला २४५/७५ आर १६ असं लिहिलंय: रुंदी २४५ मिलिमीटर, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची. चेन घेताना हे तिन्ही आकडे डब्यावरच्या यादीत जसेच्या तसे सापडले पाहिजेत. 'सगळ्या पिकअपना बसते' असं कुणी म्हणालं, की पाकीट खिशात. आणि माल नवा नव्हताच. नव्या चेनची कडी कुठेच घासलेली नसते. ह्यांच्या कड्या रस्त्याला घासून एका बाजूने चपट्या झालेल्या, वरून रुपेरी रंग फासलेला.

नंतर कळलं ते जास्त झोंबलं. कॅलिफोर्नियात हायवेवर चेन लावून देणाऱ्यांना कॅलट्रान्सचं, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचं, परमिट लागतं, त्यांच्याकडे नंबरचा बिल्ला असतो, आणि त्यांना चेन्स विकायची किंवा भाड्याने द्यायची मुभाच नाही. म्हणजे विकणारा आणि लावणारा एकच, इथेच मी सावध व्हायला हवं होतं. मी ना बिल्ल्याचा नंबर टिपला, ना पावती मागितली. शिवाय त्या दिवशी वर आर-१ होतं, म्हणजे चेन कंट्रोलची सगळ्यात सौम्य पायरी. माझ्या टायरवर एम+एस, म्हणजे चिखल-बर्फासाठीची खूण, आहे. आर-१ मध्ये हलक्या पिकअपच्या मागच्या चाकांना तसले टायर चालतात, फक्त मापाच्या चेन्स गाडीत हव्यात. म्हणजे लावायची गरजही नव्हती! आर-२ असतं तर मात्र टू व्हील ड्राइव्हला सुटका नाही, आणि आर-३ म्हणजे फोर व्हील ड्राइव्हलाही चेन लागते.

दुरुस्तीला ३४० डॉलर गेले. मग शहरातल्या टायरच्या दुकानातून नव्या चेन्स घेतल्या. त्याआधी गाडीचं मॅन्युअल वाचलं, कारण काही गाड्यांत टायर आणि आतल्या भागांमध्ये जागाच इतकी कमी असते की जाड चेन चालत नाही. ड्राइव्हवेत कोरड्यात लावून पाहिल्या. पहिल्यांदा चाळीस मिनिटं आणि भरपूर शिव्या, दुसऱ्यांदा पंधरा मिनिटं. लावल्यावर थोडं अंतर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणून घ्यायच्या, हे डब्यातल्या कागदावरच होतं. त्या गड्याने कागद दिलाच नव्हता.

पिळलेली तार आईने पर्समध्ये ठेवलीय. साताऱ्यात शेजारणींना अमेरिका दाखवायला.