आरव्ही पार्क की स्टेट पार्क? मिशिगनमधल्या ट्रेलरवाल्यांसाठी थोडं डावं-उजवं

ट्रेलर घेतलाय किंवा उन्हाळ्यापुरता भाड्याने घेणार आहात, लडिंग्टन किंवा मॅकिनॉच्या बाजूला जायचं ठरलंय, आणि आता गाडी अडलीय ती बुकिंग कुठे करायचं यावर, खाजगी आरव्ही पार्कमध्ये (आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेला ट्रेलर किंवा मोटरहोम) की सरकारी स्टेट पार्कमध्ये. आम्ही डेट्रॉइटच्या बाजूला राहतो आणि दोन्ही प्रकारच्या जागी बऱ्यापैकी राहून झालंय, त्यामुळे जे अनुभवाला आलं ते सांगतो. नवीन असाल तर एवढंच, हुकअप म्हणजे साइटवर (ट्रेलर लावायच्या जागेवर) मिळणारी जोडणी, आणि ३० अँप, ५० अँप म्हणजे त्यातल्या विजेची क्षमता.

आधी आरव्ही पार्कची बाजू, कारण ती खरंच मजबूत आहे. फुल हुकअप मिळतं, म्हणजे पाणी, वीज, स्युअर (सांडपाण्याची जोडणी) सगळं साइटवरच, सांडपाण्याचा टँक भरेल ही काळजी नाही, आतल्या शॉवरमध्ये सगळ्यांनी निवांत आंघोळ करावी. लाँड्री असते, वायफाय असतो (चालतोच असं नाही पण असतो), मुलांना पूल, उड्या मारायला ती मोठी हवेची उशी. केओए आणि जेलीस्टोन या आरव्ही पार्कांच्या साखळ्यांचा तर हा धंदाच आहे, केओए १९६२ ला मोंटानात बिलिंग्जला सुरू झालं, सिएटलच्या जागतिक मेळ्याला निघालेल्या प्रवाशांची रात्रीची सोय म्हणून, आणि जेलीस्टोन १९६९ ला इथे शेजारीच विस्कॉन्सिनमध्ये. म्हणजे पहिल्यापासून हिशोब असा की हायवेवरून माणूस दमून येणार, त्याला पटकन जागा, गरम पाणी आणि पोरांना खेळायला काहीतरी द्या. आणि ते काम ते चोख करतात. ५० अँपचा खांब असतो हाही फायदा धरा, कारण ३० अँप म्हणजे जेमतेम ३६०० वॉट, त्यात एसी चालू, कोणीतरी मायक्रोवेव्ह लावला आणि वर इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी चढवली की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. अर्थात ५० अँपचा उपयोग ट्रेलर ५० चा असेल तरच, आमचा ३० चाच आहे, म्हणून आम्हाला दोन्हीकडे सारखंच.

बुकिंगच्या बाबतीत पण आरव्ही पार्क सोपं. फोन करा, दोन आठवडे आधी सुद्धा बरेचदा मिळून जातं. स्टेट पार्कचं मात्र सहा महिने आधी सकाळी ८ ला उघडतं, म्हणजे चार जुलैच्या वीकेंडसाठी तुम्ही जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, लॅपटॉप उघडून बसलेले असता, आणि लडिंग्टनसारख्या ठिकाणी चांगल्या साइट्स बघता बघता जातात. हे मी कमी करून सांगत नाही, हा खरा त्रास आहे. फक्त एवढंच की लोक रद्दही भरपूर करतात, आणि रविवार ते गुरुवार बघितलं तर जुलैमध्ये सुद्धा मिळतं, रोज चहा घेताना एकदा साइट बघायची सवय लावली की काहीतरी पदरात पडतंच.

पैशाचं फार लिहीत नाही, आमच्या अनुभवात स्टेट पार्क साधारण निम्म्यात पडतं, आणि रिक्रिएशन पासपोर्ट (स्टेट पार्कांचा प्रवेश पास) गाडीच्या प्लेटच्या नूतनीकरणाबरोबर घेतलेला असला की गेटवर वेगळं काही नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यामुळे आमचा निर्णय झाला.

अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या ट्रेलरचं आणि मोटरहोमचं दार उजव्या बाजूला असतं. ऑनिंग (ट्रेलरचं बाहेर उघडणारं कापडी छप्पर) तिकडेच उघडते, खुर्च्या, टेबल, ग्रिल सगळं उजवीकडे. आणि पाणी, वीज, स्युअरची जोडणी डाव्या बाजूला, मागच्या भागात. एकटा ट्रेलर उभा असेल तर ही रचना उत्तम आहे, घाण एका बाजूला, बसायची जागा दुसऱ्या बाजूला. पण आरव्ही पार्कमध्ये ट्रेलर रांगेत, एकमेकांना खेटून, सगळे एकाच दिशेला तोंड करून लावतात, कारण जमीन विकत घेतलेली असते आणि जितक्या जास्त साइट बसतील तितकं बरं. मग होतं काय, की तुमच्या उजव्या हाताला जो शेजारी असतो, त्याची डावी बाजू बरोब्बर तुमच्या बसायच्या जागेवर येते. म्हणजे तुमचं पिकनिक टेबल, आणि समोर आठ-दहा फुटांवर त्याचा स्युअरचा पाइप.

हे कागदावर वाचून तितकंसं लागत नाही. पण सकाळी साडेनऊला बाहेर स्टोव्हवर पोहे केलेत, (फोडणी ट्रेलरच्या आत दिली तर स्मोक अलार्म कोकलतो म्हणून सगळं बाहेरच करावं लागतं), लिंबू पिळलंय, प्लेटा भरल्यात, आणि त्याच वेळी शेजाऱ्याची निघायची वेळ असते कारण ११ ला चेकआउट. तो ग्लव्हज घालून येतो, गुड मॉर्निंग म्हणतो, अगदी सभ्य माणूस, आणि ब्लॅक टँकचा (संडासाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह ओढतो. पाइपाला एक पारदर्शक एल्बो (वाकडा जोड) लावलेला असतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत दिसावं म्हणून, आणि तो एल्बो आपल्या बाजूला तोंड करून. त्याची काहीच चूक नाही, त्याने ते तिथेच करायचं असतं. आई-बाबा इकडे आले होते तेव्हा आईला तिथे जेवायलाच बसवेना, ताट घेऊन ती आत जाऊन बसली, आणि बाहेर जेवायला म्हणून तर आपण आलो होतो. त्या पार्कचं नाव सांगत नाही कारण प्रश्न त्या एका पार्कचा नाहीच, नंतर दुसरीकडेही हेच दिसलं, थोडंफार इकडे तिकडे. मोठ्या महागड्या पार्कांत साइट रुंद असतात, मध्ये झुडपं लावतात, तिथे इतकं जाणवत नसेलही.

मिशिगनच्या स्टेट पार्कांत मॉडर्न साइटवर वीज असते, फ्लशचे संडास आणि गरम शॉवर चालत जायच्या अंतरावर असतात, पण साइटवर स्युअर नसतं (काही मोजक्या ठिकाणी थोड्या फुल हुकअप साइट केल्यात, त्या सोडून). लोक याच कारणाने स्टेट पार्कला नावं ठेवतात. माझं म्हणणं असं की स्युअर नाही म्हणूनच तिथे बाहेर बसून जेवता येतं. कोणाचाच पाइप बाहेर पडलेला नसतो. शेजारी जवळ असला तरी समोर त्याचा ट्रेलर आणि झाडं, एवढंच दिसतं. मला ही एक गोष्ट बाकी सगळ्या सोयींवर भारी वाटते, तुम्हाला कदाचित वाटणार नाही, ज्याला त्याला काय खुपतं त्यावर आहे.

याची किंमत मोजावी लागते ती टँक सांभाळण्यात. ग्रे टँक (भांडी-आंघोळीच्या पाण्याची टाकी) आपल्या घरात फार लवकर भरतो, कारण आपली भांडी. कढई, कुकर, पातेली, ताटं, वाट्या. अमेरिकन शेजारी हॉटडॉग भाजून कागदी प्लेट टाकून देतो, त्याचा टँक आठवडाभर जातो. आम्ही आता भांडं आधी पेपर टॉवेलने कोरडं पुसतो आणि मग टबात थोड्या पाण्यात धुतो, आंघोळ बाथहाउसमध्ये, आणि तीन-चार दिवस आरामात निघतात. बाथहाउसच्या बेसिनमध्ये भांडी घासायला नेऊ नका, चालत नाही, आणि बरोबरच आहे ते. पाणी येतानाच गेटजवळ भरून घ्यायचं, कारण साइटवर नळ नसतो.

आणि डंप स्टेशनची, म्हणजे निघताना टँक रिकामे करायच्या जागेची, रांग. रविवारी ११ ते १ मध्ये गेलात तर ट्रेलरमागे ट्रेलर, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं, मुलं मागच्या सीटवर कुरकुरतायत, एसी चालू ठेवून बसलोय. चेकआउट दुपारी १ चं असतं म्हणून सगळे एकदमच उठतात. यावर उपाय दोनच, सकाळी आठ-साडेआठला उरकायचं नाहीतर सोमवारी निघायचं. आम्ही सोमवारवाले.

साइटबद्दल एक. लडिंग्टनचं पार्क १९३० च्या दशकात सीसीसीच्या (मंदीत बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या) पोरांनी उभं केलेलं, तिथलं बीच हाउस त्याच काळातलं. अशा जुन्या पार्कांत रस्ते झाडांमधून वळणं घेत जातात, आणि साइट बहुतेक बॅक-इन, म्हणजे ट्रेलर मागे घेऊन लावायच्या. ३५ फुटी फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) असेल तर झाडं वाचवत मागे घेताना नाकी नऊ येतात, तेव्हा बुक करताना साइटची लांबी नक्की वाचा, फोटो बघा. लहान ट्रेलरला अडचण नाही. पण एकदा लागलात की मग एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक, मुलं सायकली घेऊन गायब होतात ती भूक लागल्यावरच उगवतात. बिग सेबल पॉइंटचं दीपगृह, १८६७ चं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, तिथपर्यंत चालत जायला साधारण दोन मैल, वाटेत वाळूच्या टेकड्या. पूल नाही म्हणून कोणी तक्रार केलेली मला तरी आठवत नाही. रात्री १० नंतर खरोखर शांतता असते, आणि अंधार असतो. आरव्ही पार्कमध्ये मधल्या रस्त्याचे दिवे आणि लोकांच्या ऑनिंगखालच्या रंगीत एलईडी पट्ट्या रात्रभर चालू, आकाश दिसतच नाही.

मॅकिनॉला मात्र थोडा विचार करा. मॅकिनॉ आयलंडवरच सगळा वेळ घालवायचा असेल (तिथे १८९८ पासून मोटारगाड्या बंद आहेत, घोडागाडी आणि सायकल), तर मॅकिनॉ सिटीतलं खाजगी पार्क सोयीचं, काही ठिकाणांहून फेरीपर्यंत शटल मिळते, रात्री उशिरा आलात तरी दोन मिनिटांत ट्रेलरमध्ये. वाइल्डरनेस स्टेट पार्क तिथून पश्चिमेला साधारण ११ मैल, लेकशोअरच्या साइट्स अक्षरशः पाण्याला लागून, आणि तारे असे की मुलांना आकाशगंगा बोटाने दाखवता येते. आम्ही एक दिवस आयलंडला देतो आणि बाकी दिवस तिथे पाण्यात पाय सोडून बसतो, म्हणून आम्हाला ते ११ मैल परवडतात.

वयस्कर मंडळी बरोबर असतील, गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, तर मी स्वतः आग्रह करणार नाही, फुल हुकअप घ्या, आतलं बाथरूम बिनधास्त वापरता येणं ही मोठी गोष्ट आहे. ऑफिसचं काम करत फिरत असाल तरी तेच, कारण युपीत (मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, अप्पर पेनिन्सुलात) टॅक्वामेननकडे वरती गेलात की फोनला रेंज मिळेल याची खात्री नाही. जास्त दिवस एकाच जागी राहायचं असेल तरी स्टेट पार्कात १५ रात्रींची मर्यादा आहे.

सर्पण कुठेही जा, घरून नेऊ नका, तिथलंच विकत घ्या. ॲशची झाडं मारणारा तो हिरवा किडा २००२ मध्ये आपल्या डेट्रॉइटच्या बाजूलाच पहिल्यांदा सापडला आणि लाकडांबरोबर कुठल्या कुठे पसरला.

आमची पद्धत आता अशी बसलीय की जायचं ते स्टेट पार्कात, आणि युपीहून परत येताना आय-७५ हायवेच्या जवळ एक रात्र आरव्ही पार्क. तिथे कपडे धुऊन होतात, टँक रिकामे करून घरी येतो, पुल-थ्रू साइट (एका बाजूने शिरून दुसरीकडून सरळ बाहेर पडता येणारी) असली की ट्रेलर गाडीपासून सोडायचीही गरज नाही. फोनवर बुक करताना रांगेतली टोकाची साइट मागा, उजव्या हाताला शेजारी नसलेली, दोन-चार डॉलर जास्त लागले तरी द्या.